डिलीट कळ दाबूनही बायोसचा सेटअप उघडत नाही, थेट विंडोज सुरू होते

प्रश्न (नारायण पेठ)

नमस्कार मंडळी. नारायण पेठेत माझे डीटीपीचे काम चालते. त्यासाठीचा डेस्कटॉप तापकीर गल्लीतून सुटे भाग घेऊन जुळवलेला आहे. त्यात आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एसएसडी आणि विंडोज १० आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे मला विंडोज ११ वर जायचे आहे; परंतु संगणक त्यासाठी पात्र आहे का हे पाहणारा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्राम टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) या दोन ठिकाणी अडतो. टीपीएमची सोय प्रोसेसरसोबतच मिळते आणि ती बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील प्रोग्रामच्या, सेटअपमधून चालू करता येते, असे समजले.

पण सेटअप उघडतच नाही. पॉवरचे बटण दाबल्यापासून डिलीट कळ दाबत राहिलो, एफ२ दाबून पाहिली, तरी पडदा काही क्षण काळा राहतो आणि एकदम विंडोजचा पासवर्ड विचारला जातो. कीबोर्ड वायरलेस असून त्याचा रिसीव्हर कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये आहे. शिफ्ट कळ दाबून धरून रीस्टार्ट करण्याचा मार्गही पाहिला, परंतु ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये कमांड प्रॉम्प्ट, स्टार्टअप रिपेअर वगैरे सगळे दिसते आणि ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ तेवढे दिसत नाही. सगळे पुसून विंडोज नव्याने घालणे मला शक्य नाही, कारण जुने मराठी फाँट आणि पेजमेकरच्या अनेक वर्षांच्या फायली याच यंत्रावर उघडतात. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (हडपसर)

आधी कीबोर्डाकडे पाहा. सेटअपची कळ ओळखण्याचे काम विंडोज सुरू होण्यापूर्वी मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजेच बायोस, करते, आणि त्या वेळी कीबोर्ड जागा झालेला नसेल तर डिलीट कितीही वेळा दाबली तरी ती कुणाला कळतच नाही. फर्मवेअरमध्ये ‘फास्ट बूट’ चालू असले, की वेळ वाचवण्यासाठी काही यूएसबी उपकरणे सुरू करणे टाळले जाते. काही मदरबोर्डांवर निळे यूएसबी ३.० पोर्ट वेगळ्या चिपवर असतात आणि विंडोजचा ड्रायव्हर येईपर्यंत ते निकामी असतात.

म्हणून साधा वायरचा कीबोर्ड घ्या आणि तो मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरील काळ्या यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा. यंत्र सुरू होताच नम लॉकचा दिवा पाहा. पडदा काळा असतानाच तो लागला आणि कळ दाबल्यावर विझला, तर कीबोर्ड वेळेत जागा होतो आहे असे खुशाल समजा. दिवा विंडोज आल्यावरच लागत असेल, तर पोर्ट बदलून पाहा.

दुसरे असे, की विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही. ‘फास्ट स्टार्टअप’मुळे विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. एसएसडी असलेल्या यंत्रांवर एफ२ किंवा एफ८ ओळखण्यासाठी २०० मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ उरतो, असे मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्येच स्पष्ट केले होते. बोटांच्या चपळाईने हे जमण्यासारखे नाही. तेव्हा यंत्र बंद करून सुरू करण्याऐवजी ‘रीस्टार्ट’ करा आणि पडदा काळा होताच डिलीट दाबायला लागा.

उत्तर (औंध)

वरील सल्ला योग्यच आहे, पण मला खटकते ती यादीत नसलेली ओळ. ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ दिसत नाही, याचा बहुधा अर्थ असा, की तुमचे विंडोज नव्या यूईएफआय पद्धतीऐवजी जुन्या म्हणजे लेगसी पद्धतीने बसवलेले आहे. रन खिडकीत ‘एमएसइन्फो३२’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप करा आणि ‘बायोस मोड’समोर काय लिहिले आहे ते पाहा.

तिथे ‘लेगसी’ असेल, तर सेटअप उघडल्यावर घाईने काहीही बदलू नका. सिक्युअर बूटसाठी सीएसएम ही जुन्या पद्धतीने विंडोज सुरू करू देणारी सोय बंद करावी लागते, आणि डिस्कचे भाग जुन्या एमबीआर रचनेने पाडलेले असताना ती बंद केली तर विंडोज सुरूच होणार नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी काढून सेटिंग्ज पुसण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तुमच्या बाबतीत तो उपाय अगदी शेवटचा मानावा, कारण नव्या मदरबोर्डांवर मूळ सेटिंगमध्ये सीएसएम बंदच असू शकते. त्यापेक्षा यंत्राचा वीजपुरवठा तोडून एसएसडीची केबल तात्पुरती काढणे बरे; सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही, की बरेच मदरबोर्ड आपोआप सेटअप उघडतात किंवा निदान संदेश दाखवून थांबतात.

प्रश्नकर्ता (नारायण पेठ)

दोघांचेही मनापासून आभार. शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातून वायरचा कीबोर्ड आणून मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावला, रीस्टार्ट केले आणि सेटअप उघडला. पुढच्या पोर्टमध्ये तोच कीबोर्ड लावल्यावर नम लॉकचा दिवा विंडोज आल्यावरच लागतो, हेही पाहिले. बायोस मोडसमोर ‘लेगसी’च आहे, त्यामुळे काहीही न बदलता बाहेर पडलो. फायलींना धक्का न लावता पुढे जाता येईल का?

उत्तर (औंध)

येईल. विंडोज १० मध्ये १७०३ या आवृत्तीपासून ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचे साधन सोबतच मिळते. ते डिस्कवरील माहिती न पुसता तिची रचना एमबीआरवरून जीपीटी या नव्या, यूईएफआयला लागणाऱ्या रचनेत बदलते. तरीही आधी सगळ्या फायली आणि फाँट बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि त्यातील दोन-चार फायली दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा. तुमचे उत्पन्न या फायलींवर अवलंबून आहे, म्हणून या पायरीबाबत मी आग्रही आहे. डिस्कवर बिटलॉकर (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ते स्थगित करा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

त्यानंतर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. साधनाच्या नावापुढे स्लॅश देऊन ‘व्हॅलिडेट’ आणि पुन्हा स्लॅश देऊन ‘अलाउफुलओएस’ असे इंग्रजीत लिहा. ही फक्त तपासणी असते. डिस्कवर तीनपेक्षा अधिक प्रायमरी पार्टिशन असतील तर ती इथेच नापास होते. तपासणी यशस्वी झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून तीच आज्ञा द्या.

रूपांतर झाल्यावर रीस्टार्ट करून थेट सेटअपमध्ये जा, सीएसएम बंद करा आणि टीपीएम चालू करा. इंटेलच्या मदरबोर्डांवर ते पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या मदरबोर्डांवर एफटीपीएम या नावाने. वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल आणि ते फार जुने असेल, तर सीएसएम बंद केल्यावर सुरुवातीचा पडदा कोरा राहू शकतो. तसे झाल्यास मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा. सिक्युअर बूट मात्र त्याच फेरीत चालू करू नका. एकदा विंडोज नीट उघडू द्या, बायोस मोडसमोर ‘यूईएफआय’ दिसते का ते पाहा आणि मगच त्याला हात लावा. तोपर्यंत शेजाऱ्यांचा कीबोर्ड परत करू नका.