बीजीपीचे 179 पोर्ट बाहेरून उघडे दिसते. चालू सत्रे न तोडता ते कसे बंद करावे?

प्रश्न

आमची जिल्हा पातळीवरची लहान इंटरनेट सेवा आहे. दोन लिनक्स सर्व्हरवर एफआरआर (राउटरचे काम करणारे सॉफ्टवेअर) चालते आणि त्यांवरून दोन अपस्ट्रीम (आम्हाला इंटरनेट देणाऱ्या) पुरवठादारांशी व एका इंटरनेट एक्स्चेंजच्या (नेटवर्के एकमेकांना जोडण्याच्या ठिकाणाच्या) राउट सर्व्हरशी बीजीपी (नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) सत्रे जोडलेली आहेत. बाहेरच्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या आभासी सर्व्हरवरून) एनमॅप हे उघडी पोर्टे शोधणारे साधन चालवले तेव्हा आमच्या सार्वजनिक पत्त्यांवर टीसीपी 179 आणि 2605 ही दोन्ही पोर्टे उघडी आढळली. सर्व सत्रांना एमडी5 पासवर्ड (प्रत्येक पॅकेट खऱ्या शेजाऱ्याकडूनच आले याची खात्री करणारा) असल्यामुळे 179 उघडे राहिले तरी बिघडत नाही, असे एका सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का?

उत्तर 1

2605 चे काम आजच करा. ते बीजीपीडीचे (एफआरआरमधील बीजीपी चालवणाऱ्या प्रोग्रामचे) टेलनेटवर चालणारे कन्सोल आहे आणि ते बाहेरून दिसण्याचे काहीच कारण नाही. एफआरआरच्या डेमन्स फाइलीत बीजीपीडीच्या पर्यायांमध्ये 127.0.0.1 हा पत्ता आहे का, ते तपासा. तो बदल लागू होण्यासाठी सेवा पुन्हा सुरू करावी लागते व सत्रे तुटतात, म्हणून तोपर्यंत फायरवॉलमध्येच ते पोर्ट अडवा. रोजच्या कामाला व्हीटीवायएसएच हे एफआरआरला आज्ञा देण्याचे साधन पुरेसे आहे, कारण ते सर्व्हरवरच्या स्थानिक सॉकेटमधून बोलते.

सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र मान्य करता येणार नाही. एमडी5 ची तपासणी ज्या शेजाऱ्यांसाठी (बीजीपीने जोडलेल्या राउटरांसाठी) पासवर्ड नोंदवला आहे त्यांच्यापुरतीच होते. अनोळखी पत्त्यावरून आलेली टीसीपी जोडणी आधी स्वीकारली जाते आणि मगच बीजीपीडी ती बंद करतो, म्हणून पोर्ट उघडेच दिसते. 2023 मध्ये एफआरआरच्या ओपन संदेश (सत्र सुरू करणारा संदेश) वाचण्याच्या पद्धतीत तीन त्रुटी उघड झाल्या होत्या आणि विकृत संदेशाने बीजीपीडी कोसळू शकत होता. अशा वेळी अद्ययावत आवृत्ती हवीच, पण या सेवेपर्यंत जितके कमी लोक पोहोचतील तितके बरे.

एनएफटेबल्समध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) शेजाऱ्यांच्या पत्त्यांचा एक संच करा, त्या संचाकडून 179 वर येणारी जोडणी स्वीकारा आणि बाकी सर्वांची टाकून द्या. जोडणी कोणत्याही बाजूने सुरू होऊ शकते, त्यामुळे आपण सुरू केलेल्या जोडणीची उत्तरेही आत येऊ द्यावी लागतात. बीएफडी (दुवा तुटल्याचे लगेच ओळखणारी पद्धत) वापरत असाल तर यूडीपी 3784 विसरू नका, नाहीतर बीएफडी पडेल आणि त्याच्या पाठोपाठ बीजीपीही.

उत्तर 2

वरील उत्तराशी सहमत आहे. आयपीव्ही6 बद्दल थोडी भर घालतो. अनेक ठिकाणी आयपीव्ही4 चे नियम काटेकोर असतात आणि आयपीव्ही6 कडे कोणी पाहतच नाही. उलट घाईने सगळेच अडवले, तर आयसीएमपीव्ही6 मधील (आयपीव्ही6 च्या नियंत्रण संदेशांतील) त्याच दुव्यावरचे शेजारी शोधण्याचे संदेशही अडतात. सुरुवातीला सत्र चालू दिसते आणि थोड्या वेळाने पडते, तेव्हा दोष नियमांचा आहे हे चटकन लक्षात येत नाही.

थेट जोडलेल्या अपस्ट्रीमशी बोलून टीटीएल (पॅकेट अजून किती टप्पे जाऊ शकते याचा आकडा) सुरक्षाही सुरू करा. दोन्ही बाजू टीटीएल 255 ठेवून पॅकेट पाठवतात. वाटेतला प्रत्येक राउटर तो आकडा एकाने कमी करतो, त्यामुळे दूरवरून खोट्या पत्त्याने पाठवलेले पॅकेट 255 घेऊन पोहोचूच शकत नाही. मात्र ही सोय एकाच बाजूने सुरू केली, तर सत्र उभे राहत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. नियम लावल्यावर सर्व सत्रे चालू दिसली, तर काम झाले असे समजावे का?

उत्तर 1

नाही. आधीपासूनच्या जोडण्यांना मुभा देणारा नियम असेल, तर संचातून निसटलेल्या शेजाऱ्याचे सत्रही तसेच चालू राहते आणि पुढे कधीतरी तुटल्यावर परत जुळेलच असे नाही. तसा नियम नसेल, तर होल्ड टाइमर (शेजाऱ्याकडून काही न आल्यास सत्र तोडण्याची मुदत) संपेपर्यंत, म्हणजे मूळ 180 सेकंद कायम असल्यास तीन मिनिटांपर्यंत, चूक दिसत नाही. म्हणून रात्री कमी वर्दळीच्या वेळी एकेक सत्र मुद्दाम रीसेट करून पाहा. त्याआधी काही मिनिटांनी जुने नियम आपोआप परत लागतील अशी आज्ञा लावून ठेवा, म्हणजे आपलाच एसएसएच तुटला तरी सर्व्हरपाशी धावावे लागणार नाही. दोन सर्व्हरमधील अंतर्गत बीजीपी लूपबॅक पत्त्यांवर (कोणत्याही एका दुव्याशी न बांधलेल्या आभासी इंटरफेसच्या पत्त्यांवर) असेल, तर तेही संचात हवेत. शेवटी त्याच व्हीपीएसवरून दोन्ही आयपी आवृत्त्यांवर, प्रत्येक इंटरफेसच्या पत्त्यावर, पुन्हा एनमॅप चालवा.