मत बदललं म्हणून वस्तू परत करणं

काही जण म्हणतात की महागडा लॅपटॉप नुसतं मन बदललं म्हणून परत करणं ही दुकानदाराची फसवणूक आहे. मला हे पटत नाही. परतीची मुदत दुकानानेच दिलेली असेल आणि वस्तू धडधाकट असेल, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. कार्यक्रमापुरता कॅमेरा वापरून दुसऱ्या दिवशी परत करणं मात्र सरळसरळ लबाडी आहे.

एक फरक लक्षात घ्या. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू कारण न सांगता 14 दिवसांत परत करता येतात, कारण त्या हाताळून बघायची संधी मिळालेली नसते. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला हा हक्क लागू नाही. तिथे दुकानाचं धोरण चालतं. त्यामुळे पैसे देण्यापूर्वी पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचाच. सील फोडलेला खोका पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही, म्हणून काही दुकानं थोडी रक्कम कापून घेतात. ते मला रास्त वाटतं.

आणि फोन परत करत असाल तर नुसते फोटो पुसून भागत नाही. आयफोनवर 'फाइंड माय' (हरवलेला फोन शोधायची सोय) आधी बंद करा, अ‍ॅपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट, म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्यासारखा कोरा करा. नाहीतर फोन तुमच्याच खात्याला कुलूपबंद राहतो आणि काउंटरवरचा माणूस तो घेणार नाही. चार्जर, केबल, पुस्तिका, अगदी केबलला गुंडाळलेली ती बारीक तारसुद्धा जपून ठेवा.