नववीच्या वर्गात पूर्वग्रह आणि भेदभाव शिकवायचा कसा?

प्रश्न
नमस्कार मंडळी. नववीला 35 मिनिटांचे तीन तास मिळालेत. वर्गात निम्मी मुलं इथली, गोव्यातली, बाकीची कर्नाटक-बिहारकडची. बाहेरून आलेल्यांना हिणवणारा 'घाटी' हा शब्द तर येता-जाता. डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन गट पाडून एकाला कमी लेखायचा तो अमेरिकन प्रयोग करून बघावा का?

उत्तर 1
नकोच. जेन एलियटबाईंनी तो 1968मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, आयोवात तिसरीच्या वर्गात केला. तिथली सगळी मुलं गोरी होती. तुमच्याकडे रोज हिणवलं जाणारं पोर समोरच बसलंय, त्याला पुन्हा खालच्या गटात टाकून काय मिळवणार?

त्यापेक्षा चार-पाच जणांच्या गटाला आठ छापील पट्ट्या द्या: 'ते लोक घाणेरडेच असतात', 'त्याच्या डब्याला वास येतो म्हणून त्याला मागे बसवलं', 'आफ्रिकन लोकांना खोली मिळणार नाही' अशा. ढीग तीन: मनातलं मत, केलेली वागणूक, ठरवून केलेला नियम. खोलीच्या पट्टीवर हमखास भांडण जुंपतं. ती एका मालकाची वागणूक, की सगळ्या वस्तीनं ठरवलेला नियम? दहा मिनिटं तिथेच जाऊ द्या, खरा धडा तोच. पट्ट्या मुलांकडून लिहून घेऊ नका. अक्षर ओळखलं की मधल्या सुट्टीत हिशेब चुकता होतो.

उत्तर 2
दुसऱ्या तासाला संविधान घ्या, पण पाठ करून घेऊ नका. कलम 15मध्ये ज्यांवरून भेदभावाला बंदी आहे त्यांची यादी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढीच आहे. 'घाटी' यातल्या कशात बसतो ते मुलांनाच शोधू दे. मग 15(2), म्हणजे जिथे कुणाला या कारणांवरून अडवता येत नाही त्या जागा: दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट. भाड्याचं घर त्यात नाही. हुशार मुलं हे पकडतातच, तेव्हा उत्तर तयार ठेवा: एखादी गोष्ट यादीत नाही म्हणून ती न्याय्य ठरत नाही. अस्पृश्यतेसाठी कलम 17 वेगळं काढा, दोन्हींची खिचडी करू नका.

प्रश्नकर्ता
आणि वर्णद्वेष? मुलं म्हणतात, तो अमेरिकेतला.

उत्तर 3
पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून आणलेले गुलाम इथे गोव्यातही उतरवले जात. घाट चढून गेलं की कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडे आफ्रिकी वंशाच्या सिद्दींची वस्ती आहे. नकाशा लावा, बोलावं फारसं लागत नाही.

तिसऱ्या तासाला बातम्यांचे मथळे. 2013मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला आणि पुढे बोल लागला तो सगळ्याच नायजेरियनांना. फळ्यावर लिहा: 'अमली पदार्थांसह नायजेरियनाला अटक'. देश पुसून तिथे 'मडगावकराला' घाला. मडगावची पोरं लगेच उसळतात: 'एकानं केलं, सगळ्यांचं नाव कशाला?' तुम्ही गप्प राहा, पहिला मथळा पुन्हा लिहा.

एक पथ्य मात्र पाळाच. 'तुमच्यात कसं असतं रे?' असं कुठल्याही मुलाला वर्गासमोर विचारू नका. तो आपल्या समाजाचा वकील म्हणून शाळेत येत नाही. आणि पहिल्या तासाआधी मुख्याध्यापकांना पट्ट्या दाखवून ठेवा. घरी एखादं वाक्य तेवढंच सुटं पोचतं, आणि दुसऱ्या दिवशी पालक दारात.