विचार झिरपत नाहीत, रेटावे लागतात

चर्चेत एकांनी म्हटलंय, 'शिक्षणाचं धोरण मतांवर ठरतं, विचारबिचार भाषणापुरते.' अर्धंच पटलं. आपल्या पुण्यातलंच बघा. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाला, निवेदन दिलं. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपतं, ही सरकारची समजूत त्यांनी पार सोलून काढली. पैसा रयतेच्या घामाचा आणि शिकतात मूठभर! निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक आणलं, तेही किती सौम्य: सहा ते दहा वयाचे मुलगे, आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच. तरी पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी करून दाखवलं. देशभर हक्क म्हणून लागू झालं २०१० मध्ये, शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई). मोजा वर्षं.

म्हणजे मतं लागतातच, पण मागायचं काय हे आधी कुणीतरी सुचवावं लागतं.

आणि ती झिरपण्याची कल्पना मेलीय असं समजू नका. वर कायदा केला की हक्क आपोआप खाली पोचतो, असं आजही धरलं जातं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या नातवाचा आरटीईच्या पंचवीस टक्क्यांत, म्हणजे खाजगी शाळेतल्या मोफत राखीव जागांत, नंबर लागला. मेसेज मीच वाचून दाखवला, त्यांनी तीनदा वाचायला लावला. जूनमध्ये शाळेने 'ॲक्टिव्हिटी फी'ची चिठ्ठी हातात ठेवली. मावशी म्हणाल्या, "फुकट म्हणजे किती हो ताई?"