फॉस्फरस काढायचा, पण घालवायचा नाही
सांडपाण्यात तुरटी किंवा फेरिक क्लोराइड (लोहाचा क्षार) टाकलं की फॉस्फरस खाली बसतो, मग तो काढायला जिवाणूंचे एवढे लाड कशाला, असं काही जण विचारतात. बसतो, हे खरं. पण तो गाळात अॅल्युमिनियम-लोहाशी असा जखडतो की परत मोकळा करणं अवघड, शिवाय गाळही वाढतो. जिवाणू तोच फॉस्फरस हवेच्या टाकीत पेशीत साठवतात आणि पुढे डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ हवेशिवाय कुजवणाऱ्या बंद टाकीत, पुन्हा पाण्यात सोडतात.

त्या सुटलेल्या फॉस्फरसकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, ते मी पाहिलंय. आमच्या प्लांटवर सेंट्रिफ्यूजच्या (डायजेस्टरमधला गाळ गरगर फिरवून त्यातलं पाणी वेगळं करणारं यंत्र) पाण्याची लाइन तुंबली. एल्बो (पाइपचं वळण) कापला तर आत खडीसाखरेसारखे खडे. 6 इंची पाइपात जेमतेम अंगठा जाईल एवढी वाट. छिन्नीने फोडण्यात दोन दिवस गेले. ते स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. वळणावर पाणी घुसळलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि ते तिथेच जमतात. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या डरहम प्लांटवर 2009 मध्ये हेच स्फटिक वेगळ्या रिअॅक्टरमध्ये मॅग्नेशियम घालून मुद्दाम वाढवायला आणि खत म्हणून विकायला सुरुवात झाली. तुमच्याकडे डायजेस्टर असेल तर त्या लाइनचे एल्बो आत्ताच उघडून बघा.