मदत हवी आहे: लो-पॉवर कोअर झोपवताना रजिस्टर कुठे जपायचे?

नमस्कार मंडळी,

बटन सेलवर चालणाऱ्या सेन्सरसाठी छोटा प्रोसेसर डिझाइन करतोय. रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा छोटा प्रकार, आरव्ही३२ई घेतलाय, म्हणजे ३२ ऐवजी १६च रजिस्टर (कोअरमधल्या, चालू कामाचे आकडे ठेवायच्या जागा). पाइपलाइन दोन टप्प्यांची, कॅशे नाही. दर सेकंदाला उठायचं, साधारण २ मिलिसेकंद काम करायचं, परत झोपायचं.

सीआर२०३२ सेल साधारण २२० एमएएचचा. तो ५ वर्षं पुरवायचा तर सरासरी ५ मायक्रोअँपच्या वर जाता येत नाही. जागेपणी १ मिलिअँप धरला तरी सरासरीत त्याचा वाटा २ मायक्रोअँपच. उरलेल्या ३ मध्ये टायमर, ऑसिलेटर, रेग्युलेटर आणि सगळं लीकेज (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा प्रवाह) बसवायचंय. (सेल आपोआप उतरतो, ते वेगळंच.)

क्लॉक गेटिंग केलंय, म्हणजे काम नसलेल्या भागांचा क्लॉक थांबवतो; डायनॅमिक पॉवर (सिग्नल बदलताना खर्च होणारी) छान उतरली. पण क्लॉक थांबला तरी लीकेज थांबत नाही, म्हणून झोपेत कोअरचा पुरवठाच तोडायचा विचार आहे. घोडं अडलंय ते रजिस्टरपाशी. रिटेन्शन फ्लॉप (कोअर बंद असतानाही आपला बिट जपणारे) घातले तर उठणं झटपट, पण ते आकाराने मोठे आणि त्यांना कायम चालू असलेला वेगळा पुरवठा लागतो. नाहीतर झोपण्याआधी सॉफ्टवेअरनेच सगळं एसरॅममध्ये, म्हणजे चिपवरच्या मेमरीत, लिहून ठेवायचं. पहिलं रजिस्टर एक्स० कायम शून्य, म्हणजे १५ वर्ड आणि थोडे सीएसआर (कोअरची स्थिती ठेवणारे खास रजिस्टर); ८ मेगाहर्ट्झवर काही मायक्रोसेकंदांचं काम. मला हेच पटतंय. पण मग एसरॅम चालू ठेवावी लागणार, आणि तिचंच लीकेज कोअरपेक्षा जास्त निघालं तर?

कुणी हे टेपआउटपर्यंत, म्हणजे डिझाइन कारखान्यात पाठवण्यापर्यंत, नेलं असेल तर सांगा.

प्रतिसाद:
सेकंदातून एकदा उठणाऱ्या चिपला रिटेन्शन फ्लॉपचा सोस कशाला? एसरॅमच्या बँका (वेगळे बंद करता येणारे भाग) पाडा, एक छोटी बँक चालू ठेवा, बाकीच्या बंद. आयसोलेशन सेलचा (बंद भागाचे आउटपुट ठरावीक पातळीवर धरून ठेवणाऱ्या गेटचा) पुरवठा मात्र कायम चालू राहणाऱ्या डोमेनमधूनच घ्या. ते राहिलं तर बंद कोअरचे आउटपुट अधांतरी तरंगतात आणि पुढच्या गेटमधून सरळ सप्लाय ते ग्राउंड प्रवाह वाहतो. वाचवलेलं सगळं तिथे जातं. आणि लीकेजचा आकडा २५ अंशांचा धरू नका. सेन्सर तापणार असेल तर वरच्या तापमानाच्या कॉर्नरला (टोकाच्या परिस्थितीला) काढा, तिथे चित्र पार बदलतं.

मूळ धागाकर्ता:
बँकांचं पटलं, आभार. आयसोलेशन तपासतो. फ्लॅश (कोड ठेवलेली मेमरी) शुद्धीवर यायला लागणारा वेळही त्या २ मिलिसेकंदांतच धरायचा ना? की उठल्यावरचा पहिला कोड त्याच चालू बँकेत ठेवता?