शेवटच्या दिवसांत रुखरुख राहू नये म्हणून आत्तापासून काय करावं?

वडगावकर
सर्वांना सलाम. मी बेळगावचा, वडगाव भागात राहतो, उद्यमबागेत फाउंड्रीत सुपरवायझर आहे, रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आजारी लोकांना भेटायला जायचं काम आम्हा चार-पाच जणांकडे आहे, रविवारची उपासना झाली की निघतो, कॅम्प, शहापूर, कधी खानापूरपर्यंत. तिथं जे बघतोय त्यावरून विचारतोय.

एक वडीलधारे आहेत, सगळं आयुष्य मंडळीच्या सेवेत गेलं, बायबल जवळजवळ पाठ, आपलं तारण झालंय याबद्दल मनात तिळभर शंका नाही. पण आम्ही प्रार्थना करून उठलो की दरवेळी माझं मनगट धरतात आणि उशीखालची जुनी डायरी काढून एक नंबर लावायला सांगतात, धाकट्या भावाचा. तो नंबर कधीच बंद झालाय. भाऊ हुक्केरी तालुक्यात, बसनं गेलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल एवढंच अंतर, पण विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं ते झालंच, कित्येक वर्षं बोलणं नाही. आता हे उठू शकत नाहीत आणि भाऊ पण थकलेला.

मला कळत नाही, क्षमा मिळालीय, स्वर्गाची खात्री आहे, मग ही रुखरुख का राहते? आणि आपण अजून हिंडते फिरते आहोत तोवर काय केलं तर ती कमी राहील? प्रवचन नको, जमेल असं काहीतरी सांगा की.

निपाणीची सिस्टर
अण्णा, मी नर्स आहे, आधी हॉस्पिटलमध्ये होते, आता घरी जाऊन पेशंट बघते. पहिली गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. "शेवटी बोलू, शेवटी माफी मागू" असं ज्यांच्या मनात असतं त्यांना बहुतेक वेळा ते शेवटी जमत नाही हो. आपल्या डोक्यात चित्र असतं की सगळे खाटेभोवती जमतील, म्हातारा एकेकाला जवळ बोलवेल, आशीर्वाद देईल. खरं तर स्ट्रोक आला की वाचाच जाते, नाहीतर तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, नाहीतर औषधानं गुंगी, किंवा आयसीयूत असतात आणि बाहेर नातेवाईक पासासाठी भांडत असतात. मी बघितलंय, माणूस डोळ्यांनी कुणाला तरी शोधतोय आणि कुणाला ते घरच्यांना समजत नाही.

आणि ऐकू येतं ते काय? घर बांधायचं राहिलं, गाडी घ्यायची राहिली असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. माणसांची नावं ऐकू येतात. बायका फार करून आईचं नाव घेतात, तिच्या शेवटाला सासरच्यांनी पाठवलं नाही म्हणून. आणि दुसरं, देणं. एक आजोबा होते, पूर्वी तंबाखूच्या वखारीत हिशेब बघायचे, ते सारखं म्हणायचे अमक्या बाईची मजुरी कापली होती, ती द्यायची राहिली. मुलगा म्हणायचा बाबा आता कोण विचारतंय, सोडा. शेवटी सूनच गेली शोधत, बाई हयात नव्हती, तिच्या लेकीच्या हातात पैसे देऊन आली आणि सासऱ्याला येऊन सांगितलं. त्या रात्री ते झोपले. आधी गोळी देऊन पण झोपत नव्हते.

बायबलमधला तो जकातदार जक्कय येशूला घरी जेवायला घेऊन गेला तेव्हा काय म्हणाला आठवा, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. नुसतं चुकलं म्हणाला नाही, हिशेबाचं बोलला. ते धडधाकट असताना करायचं काम आहे.

गोकाकचा पाळक
सिस्टरांनी अगदी मुद्द्याचं लिहिलंय. मी थोडं वेगळ्या बाजूनं लिहितो, लांबेल, सांभाळून घ्या.

आधी एक सांगतो, रुखरुख अजिबातच नको असा हट्ट धरू नये. येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेल्या चोराजवळ चांगलं म्हणण्यासारखं काहीच नव्हतं, हात खिळलेले, कुणाचं परत द्यायला उतरता येत नव्हतं, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. तेव्हा ज्यांच्या हातात आता काही उरलं नाही त्यांना, म्हणजे तुमच्या त्या वडीलधाऱ्यांना, हेच सांगत राहा. दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौल दोन प्रकारच्या दुःखाबद्दल बोलतो, एक देवाकडे वळवतं आणि दुसरं माणसाला आतून मारतं. पहिलं दुःख वाईट नाही.

पण ज्यांना अजून उठून जाता येतं त्यांना चोराचं उदाहरण लागू करू नका. त्यांना मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय, ओवी तेवीस आणि चोवीस. अर्पण वेदीपाशी आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. नीट बघा, भावाच्या मनात आहे म्हणतो, तुझ्या मनात नव्हे. म्हणजे चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही, ज्याला आठवलं त्यानं जायचं. आपल्याकडे पाण्याच्या पाळीवरून, बांधावरून, लग्नातल्या मानपानावरून अबोला धरलेली माणसं एकाच मंडळीत डावीकडे-उजवीकडे बसून एकाच प्याल्यातून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेतात, वर्षानुवर्षं. मला याचं फार दुःख होतं. मी आता प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी जाऊन हेच विचारतो, लोकांना आवडत नाही, तरी विचारतो.

दुसरं मंडळीतल्या पुढाऱ्यांसाठी. मार्क सातमध्ये येशू कुर्बानबद्दल बोलतो, आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणारे लोक. आपल्यात पण आहेत, कमिटी, कन्व्हेन्शन, सुवार्ता फेरी सगळीकडे पुढे आणि घरात पोरं बापाला ओळखत नाहीत. देवाच्या कामात गेलेला वेळ वाया जात नाही, पण घरच्यांचा वेळ काढून देवाला दिला तर तो देवानं मागितलेला नव्हता.

तिसरं पैसा. आम्ही मेथडिस्ट, म्हणून जॉन वेस्लीचं सांगतो. पगार वाढला तरी त्यानं घरखर्च तेवढाच ठेवला. वर्षाला तीस पौंड मिळायचे तेव्हा २८ मध्ये भागवून दोन दिले, मिळकत साठ झाली तरी २८ मध्येच भागवलं आणि ३२ दिले. १७९१ मध्ये वारला तेव्हा मागं ठेवण्यासारखं फारसं काही नव्हतं आणि त्याची त्याला खंतही नव्हती. आपण पगार वाढला की आधी ईएमआय वाढवतो.

आणि ज्यांच्या घरात आपणच पहिले ख्रिस्ती झालो त्यांनी गावाकडच्या चुलत्या-मावश्यांचं घर सोडू नये. त्यांच्या देवघरात हात जोडणार नाही हे एकदा प्रेमानं सांगितलं की झालं, पण त्यांच्या दुखण्याला, मयताला पहिलं आपण पोचलं पाहिजे.

खानापूरची मारिया
मी कॅथलिक, आमच्याकडची एक गोष्ट सांगते. आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायचा आमचा संस्कार आहे, पण पुष्कळ घरात अजून अशी समजूत की फादरना बोलावलं म्हणजे माणूस गेलाच, म्हणून बोलवतच नाहीत, शुद्ध हरपली की मग धावाधाव. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्येच हे स्पष्ट केलं, गंभीर आजारी असलेल्या कुणालाही तो घेता येतो, परत आजार वाढला तर परत घेता येतो. माझ्या सासूबाईंना ऑपरेशनच्या आधी घरी बोलावून दिला, त्या शुद्धीत होत्या, कबुली पण निवांत झाली, दार लावून, फादर बराच वेळ आत होते. बाहेर आल्यावर सासूबाईंनी आधी चहा ठेवायला सांगितला आणि मग त्यांच्या जावेला फोन लावून द्यायला सांगितला. ऑपरेशन चांगलं झालं, अजून आहेत, रोज संध्याकाळी रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, घेतात, त्यात आता जावेचं पण नाव असतं. शेवटासाठी ठेवलेलं आधीच केलं म्हणून पुढची वर्षं हलकी गेली असं मी बघतेय.

टिळकवाडीच्या बाई
शाळेत शिकवलं सगळं आयुष्य, म्हणून इतिहासातलं एक सांगते. पंडिता रमाबाईंचा जन्म आपल्याच कर्नाटकातला, १८५८चा. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर लवकर गेला, आणि १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा पण गेली. त्या वेळी बाई केडगावात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावर पण ते काम सोडलं नाही, शेवटपर्यंत प्रुफं तपासत होत्या, काम हातावेगळं केलं आणि एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. दुःख केवढं होतं बघा त्या घरात. पण जे काम आपलं म्हणून ओळखलं होतं ते अर्धवट टाकलं नाही. आपल्यापैकी प्रत्येकाजवळ असं एखादं काम असतं, माझ्या ओळखीच्या एका काकींना शेजारच्या पोरांना वाचायला शिकवायचं होतं, सून आल्यावर, नातू मोठा झाल्यावर करत करत राहिलं. वडगावकर, तुम्ही आजाऱ्यांना भेटता ते बहुतेक तुमचं काम आहे, रिटायर झाल्यावर सोडू नका.

कोर्टाजवळचा
सगळ्यांनी मनाचं लिहिलं, मी कागदाचं लिहितो, कारण भावाभावांचे अबोले मी रोज कागदातून सुरू होताना बघतो. आपण ख्रिस्ती लोकांना वारसाहक्कासाठी १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र केलं नाही आणि मागं बायको-मुलं असली तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलांना सारखं, मुलगा मुलगी फरक नाही. आणि नीट वाचा, आईला काहीच नाही. म्हातारी विधवा आई तुमच्याजवळ राहते, उद्या तुम्हीच तिच्याआधी गेलात तर तिचा त्या घरावर वारस म्हणून हक्क राहत नाही. योहान एकोणीसमध्ये येशू खिळलेला असताना आईला शिष्याच्या हवाली करतो, म्हणजे तेवढ्या वेदनेत पण तिच्या राहण्याची सोय बघितली. आम्ही उतारा स्वतःच्या नावावर करून घेतो आणि गप्प बसतो.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, रजिस्टर केलं तर बरं पण सक्ती नाही. दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही देताय तो किंवा त्याची बायको साक्षीदार घेऊ नका, घेतलात तर त्याला दिलेलं रद्द होतं. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं, दुसरं लग्न केलेल्यांनी लक्षात ठेवा. चर्चला किंवा अनाथाश्रमाला काही द्यायचं असेल तर पूर्वी आपल्या लोकांवर कलम ११८ची अट होती, ती सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये काढून टाकली. आणि मुख्य म्हणजे काय लिहिलंय ते मुलांना जिवंतपणी, सगळे एकत्र असताना वाचून दाखवा. मेल्यावर पाकीट फोडलं की जो तो दुसऱ्यावर संशय घेतो.

पुण्यात_असतो
मी आयटीत, आईबाबा बेळगावला एकटेच. हे सगळं वाचून पोटात गोळा आला. रोज फोन करतो पण जेवलात का, औषध घेतलं का, याच्यापुढं जात नाही. काय बोलायचं तेच सुचत नाही.

निपाणीची सिस्टर
भाऊ, फोनवर रात्रीची प्रार्थना एकत्र करा, व्हिडिओ कॉल लावून, पाच मिनिटं. बाबांना प्रार्थना करायला सांगा आणि तुम्ही ऐका. म्हातारी माणसं सरळ बोलत नाहीत पण प्रार्थनेत सगळं बोलतात, कुणाची काळजी आहे, कुणाचं मनाला लागलंय. तिथून धागा धरून दुसऱ्या दिवशी विचारा.

वडगावकर
सगळ्यांचे आभार. पाळक साहेब, त्या भावाचा पत्ता मिळाला, संकेश्वरच्या एका ओळखीच्याकडून. त्यांना इकडे आणायला गाडी करतोय या शनिवारी, ते यायला तयार आहेत पण त्यांचा मुलगा नको म्हणतोय, जुनं उकरून काढू नका म्हणतो. त्याच्याशी कसं बोलावं?

गोकाकचा पाळक
जमिनीचा, पाण्याचा विषय अजिबात काढू नका, कुणाचं बरोबर होतं तेही नको. मुलाला म्हणा, तू पण चल, गाडीत जागा आहे, अर्धा तास बसून परत येऊ. आणि तिथं पोचल्यावर तुम्ही सगळ्यांनी खोलीतून बाहेर या, दोघांनाच राहू द्या.